बिछायत

फुटाळ्याच्या वरातीत रुखसार खोकली
आणि नवरदेवाचा मुंडावळ्यांसकट तोल गेला.
लोक हसले. बँडवाल्याने त्यावरच एक ठेका धरला.
लगाम माझ्या हातात होता, मला तिच्या बरगड्या दिसल्या,
एका श्वासाला दोनदा आत जाणाऱ्या.

डॉक्टर सोनकुसरे म्हणाले, औषध देतो,
पण आधी तिच्याखाली काय अंथरता ते दाखवा.

भुसा होता. लकडगंजचा, सागवानी, फुकटातला.
बाबांनी बत्तीस वर्षं त्याच आरा मशीनवर काढलेली,
विश्रामभाईंनी पोती कधी मोजली नाहीत.
पिठासारखा मऊ. मला वाटायचं,
गड्डीगोदामात एवढी गादी माणसालाही मिळत नाही.

बाबा खाटेवरून उठले. आधी खोकला संपवला, मग उठले.
तबेल्याच्या पत्र्याला एक भोक आहे,
सकाळी आठला त्यातून उन्हाची काठी उतरते.
त्यांनी मूठभर भुसा त्या काठीत उधळला.
"मोज."
मी एकशेचाळीसपर्यंत मोजलं.
काठी तेव्हाही गढूळच.
"हे सारं तिच्या छातीत जाते पोरी.
तिले काही रुमाल बांधता येत नाही."
त्यांनाही कुणी बांधला नव्हता. मी बोलले नाही.

मग आम्ही गावभर मुठी गोळा केल्या.
कळमन्यातून तणस आणलं, संत्र्याच्या पेट्यांत घालतात ते.
काठीत बरं निघालं, पण ओल धरेना,
आणि सकाळपर्यंत रुखसारने अर्धी गादी खाल्लेली.
धानाच्या कोंड्यावर तांब्याभर पाणी ओतलं,
ते ओळख नसल्यासारखं खाली निघून गेलं.
सोयाबीनचं कुटार तर माझ्याच तळव्याला टोचलं.
रद्दीच्या पट्ट्या चांगल्या होत्या. धूळ नाही, तहान मोठी.
पण घोडी पांढरी, आणि शाई कच्ची.
मुहूर्ताला तासभर उरलेला असताना
मी तिच्या मांडीवरून साबणाने
कुठल्याशा नगरपरिषदेची निविदा धुवत होते.

बाबा एकदा म्हणाले, "उभी राहून काय वास घेतं?
ती निजते तिथं बस."
पहाटे पाचला मी गुडघे टेकले, नाक जमिनीपासून वीतभर,
आणि डोळ्यांतून पाणी आलं.
उभी होते तोवर तबेला स्वच्छच होता.

फेब्रुवारीत वाडीकडे कूलरच्या ताट्या भरायला घेतात.
तिथल्या शेडमध्ये सयाबाई भेटली,
केसांत, भुवयांत लाकडाचे कुरळे.
लांब तंतू ताटीत जातात, आखूड झाडून फेकतात.
"लांब नेऊच नका," ती म्हणाली, "पायात गुंततीन घोड्याच्या."
आखूडच घेतले. घरी आणून तीनदा चाळले.

मूठ उधळली. मोजायला लागले,
अकराला काठी पुन्हा काठी झाली.
तांब्या ओतला. थेंब बाहेर नाही.
शेचाळीस डिग्रीत अख्ख्या नागपूरचं पाणी
धरून ठेवायला जन्मलेलं लाकूड ते,
एका घोडीचं मूत त्याला काय जड.

वीतभर थर दिला, भिंतीकडे जरा उंच.
रुखसारने हुंगलं, पुढच्या खुराने उकरलं,
दोन गिरक्या घेतल्या
आणि एवढं मोठं अंग हळूच खाली सोडलं.
बाबा दारात उभे राहून बघत होते.
"निजली," म्हणाले, आणि खोकत आत गेले.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेल्यावर
मी त्यांची उशी उचलली, पत्र्याखाली नेली
आणि उन्हात एकदाच थोपटली.
दोनशेला मोजणं सोडलं.

सोनकुसरे जनावरांचे डॉक्टर.
तरी फोन त्यांनाच लावला.
ते बराच वेळ गप्प होते,
मागे कुठेतरी म्हैस हंबरत होती.
मग म्हणाले, उशी आधी बदला,
आणि त्यांना उद्या मेडिकलला घेऊन या,
मी गेटवर येतो.